पारावर न बसलेला माणूस

आमच्या गावात पुरुषाची किंमत पारावर ठरायची. ग्रामपंचायतीसमोर मोठा लिंब आहे, त्याच्या बुंध्याला दगडी पार. कोण कुणाला नडला, कुणी बाजारात बैलजोडी किती घासाघीस करून आणली, कुणाच्या शब्दाखातर कोण निवडणुकीला उभा राहिला, या सगळ्याचा हिशेब तिथं व्हायचा. दिवेलागणीनंतर जो गडी घरात सापडतो त्याच्यात काहीतरी उणं आहे, असा पाराचा एकमुखी निकाल होता. माझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, दिवेलागणीनंतर कायम घरातच सापडायचे. पारावर त्यांना बाईलबुद्ध्या म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

२०२४ च्या पावसाळ्यात आबा गेले. वय नेमकं कुणालाच सांगता येईना. निजामी राजवटीतल्या शाळेच्या दाखल्यावर फसली साल होतं, त्यावरून हिशेब केला तर जन्म १९३० च्या आगेमागे येतो. राख सावडायच्या दिवशी नदीवर चार लोक बोलायला उभे राहिले. आमच्याकडं ती रीतच आहे. पण आबांविषयी काय बोलावं हे कुणाला सुचेना. ते सरपंच नव्हते, सोसायटीचे चेअरमन नव्हते, कुठल्या दिंडीचे प्रमुख नव्हते. "शांत माणूस होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात," एवढं म्हणून एकेक जण खाली बसला. मला ते लागलं. नव्वदीच्या पुढं जगलेल्या माणसाविषयी एवढंच? म्हणून हे लिहितेय.

आमचं गाव नळदुर्गच्या पलीकडं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यापासून थोडं आत. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, आताचा धाराशिव. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आम्ही निजामाच्या मुलखात होतो आणि सोलापूर भारतात. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांची दहशत इतकी वाढली की सरहद्दीलगतच्या गावांतली घरंच्या घरं रातोरात गाड्या जुंपून सोलापूरकडं निघाली. आबा तेव्हा अठरा वर्षांचे. वडील आधीच गेलेले. आई, दोन धाकटे भाऊ आणि एक बहीण असा पसारा त्यांच्या अंगावर. त्यांच्या वयाची पोरं निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीवरच्या कँपांत जात होती, करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके जाळत होती. काहींनी जीव दिला, त्यांचा मान मोठाच आहे. आबांनाही बोलावणं आलं. ते म्हणाले, "आईला सोलापूरला पोचवून येतो." पोचवलं, पण आई तिथं तापानं अंथरुणाला खिळली आणि आबा कँपात गेलेच नाहीत. १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून निघाली, पहिल्याच दिवशी तिनं नळदुर्ग घेतलं आणि १७ तारखेला निजाम शरण आला. त्यानंतर काही दिवसांनी त्याच रस्त्यानं आबांची बैलगाडी गावाकडं परतली.

पुढं दर १७ सप्टेंबरला शाळेत झेंडावंदन व्हायचं. ज्यांनी कँपात दिवस काढले होते त्यांना पुढं खुर्च्या असायच्या. आबा लेकरांच्या रांगांमागं, भिंतीजवळ उभे राहायचे. "गड्या, तू आईला पोचवायला गेलास ते अजून आलाच न्हाईस की," असं एक म्हातारा त्यांना दरवर्षी म्हणायचा. आबा हसायचे. अठरा वर्षांच्या पोराच्या भरवशावर चार तोंडं होती आणि त्यानं ती चारही जिवंत परत आणली, हे मला त्या म्हाताऱ्याला एकदा तरी सांगायचं होतं.

परत आले तेव्हा वाड्यातलं पेव रिकामं होतं. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ते जमिनीखालचं कोठार. उंचवट्यावर, घट्ट मुरमात खणलेलं. तोंड माणूस कसाबसा उतरेल एवढं अरुंद आणि आत गेल्यावर पोट मोठं. कडेनं भुसा आणि कडबा लावायचा, आत ज्वारी ओतायची, तोंडावर शिळा ठेवून चिखलानं लिंपून टाकायचं. आतली हवा दाणाच ओढून घेतो, त्यामुळं किडीला जगायला हवा उरत नाही आणि ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. धोकाही त्याच कारणानं. शिळा काढून लगेच आत उतरलेला माणूस गुदमरून मरतो, अशा गोष्टी आमच्या भागात गावोगाव ऐकायला मिळतात.

आबांनी ते पेव दोन-तीन सुगींत पुन्हा भरलं आणि मी सात-आठ वर्षांची होईपर्यंत ते वापरात होतं. उघडायचा दिवस मला लख्ख आठवतो. आदल्या दिवशी शिळा काढायची, तोंडावर बाज आडवी टाकायची, लेकरांना अंगणातच येऊ द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी आबा पेटता कंदील दोरीला बांधून हळूहळू खाली सोडायचे. आम्ही ओसरीवरून माना उंचावून बघायचो. कंदील विझला तर दोरी वर घ्यायची आणि पुन्हा संध्याकाळपर्यंत थांबायचं. टिकला तरी आबा तो तसाच बराच वेळ खाली ठेवायचे. मग कमरेला दोर बांधून स्वतः उतरायचे. जवान मुलं घरात असताना साठीचा माणूस उतरतो, यावरून आजी दरवेळी भांडायची. ते ऐकायचे नाहीत. वरून दोर धरायला मात्र दोन्ही मुलं लागायची, आणि खालून आबांचा आवाज यायचा, "हाय मी, हाय." टोपलीतून वर येणाऱ्या ज्वारीला एक आंबूस, कोंदट वास असायचा. काहींना त्या भाकरीचा वास सोसत नाही. माझ्यासाठी तो आमच्या घराचा वास आहे.

साठच्या दशकात भावांच्या वाटण्या झाल्या. नदीकाठचं काळं रान आबांनी धाकट्या दोघांना दिलं आणि माळाकडचं मुरमाड रान स्वतः ठेवलं. हे गावाला माहीत आहे, त्याचं फार कौतुक झालं असंही नाही. अडाणी म्हणूनच त्यांची गणना झाली. मला यापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. आईला कुणी सांभाळायचं हा प्रश्न आला तेव्हा पंचांनी रीतीप्रमाणं चार-चार महिने असं ठरवलं. आमच्या भागातला खंडोबा अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत राहतो. मूर्ती एकच. वर्षातला बराचसा काळ ती अणदूरला असते, मग नळदुर्गच्या मैलारपुरात येते, आणि त्या नेण्या-आणण्याचा दोन्ही गावांत लेखी करार होतो. आबा पंचांना म्हणाले, "माझी माय काय खंडोबा हाय का, करार करून इकडून तिकडं न्यायला?" पणजी शेवटपर्यंत आमच्याकडंच राहिली. धाकटे दोघं भाऊ रोज संध्याकाळी तिला भेटायला यायचे. घरं वेगळी झाली, पण तीन भाऊ रोज एका ओसरीवर बसले.

१९७२ चा दुष्काळ आमच्याकडं अजून कालचा असल्यासारखा बोलला जातो. मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची तांबडी भाकरी, सुकडी, खडी फोडायची कामं, पाझर तलावांवरची टोपली-फावडी. धाकटे भाऊ सोलापूरला गिरणीत गेले. आबा आणि आजी गावाजवळच्या रस्त्याच्या कामावर. आजीला तेव्हा सहावा-सातवा महिना होता, धाकटी आत्या पोटात. मजुरी खडीच्या मापावर मिळायची. आबा स्वतःचा ढीग पुरा करून मग आजीच्या ढिगाशी येऊन बसायचे आणि तिच्या हातातून हातोडा काढून घ्यायचे. गडी हसायचे, त्याचं काही नाही. बायकाही हसायच्या आणि आजीला ते फार लागायचं. "मला लाज वाटायची गं," ती मला सांगायची. "म्या म्हणायची, तुम्ही हितून जावा. तर म्हणायचे, लेकराचं माप कोण भरणार?" गावात आजी खाली मान घालून चालली ती आबांच्या या असल्या वागण्यामुळं, हेही खरं आहे. आबांच्या मायेची किंमत काही वेळा तिनं मोजली.

आणि दादांनीही, म्हणजे माझ्या वडिलांनी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्यांना पुण्याला कंपनीत चिकटायची संधी होती. गावातले दोघं-तिघं तिकडं होते, खोलीची सोयही झाली होती. आबांनी जाऊ दिलं नाही. ओरडले नाहीत, बांधून ठेवलं नाही. फक्त तीन दिवस जेवले नाहीत. दादा राहिले. मुरमाड रानात त्यांचं आयुष्य गेलं आणि गुडघे गेले. आबांना सगळी माणसं डोळ्यांसमोर हवी असायची, आणि कुणाला बाहेर मोकळं आभाळ हवं असेल हे मुलांच्या बाबतीत त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांच्यावर माझा जेवढा जीव आहे तेवढाच माझा हा आरोपही आहे, आणि तो मी त्यांच्या हयातीत त्यांना बोलून दाखवला होता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्याला विचार, म्या त्याची माफी मागितली का न्हाई." मागितली होती. दादांनी कधी सांगितलं नव्हतं.

मुलींच्या बाबतीत मात्र त्यांनी ही चूक केली नाही. धाकटी आत्या शिकायला आणि पुढं नोकरीला अंबाजोगाईला गेली, तिथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात परिचारिका झाली. नव्वदच्या दशकात आमच्या गावची एकटी मुलगी एवढ्या लांब राहते, हे पाराला पचायला जड गेलं. आबांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. घरात मराठी, शाळेत उर्दू. जुनी कागदपत्रं वाचून घ्यायला लोक त्यांच्याकडं यायचे, पण मराठी लिहायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. आत्या शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या बालभारतीच्या पुस्तकावरून, तिच्या शेजारी बसून, चाळिशी ओलांडलेल्या आबांनी अक्षरं गिरवली. त्या शिक्षणाचा उपयोग म्हणजे अंबाजोगाईला गेलेली पोस्टकार्डं. आत्यानं ती सगळी एका बिस्किटाच्या डब्यात ठेवली आहेत. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुतेक लिहीत नाहीत, ती सवय आबांच्या मराठीत उतरली. वेलांट्या आणि उकार अर्धेअधिक गायब. 'काळजी घे' वगैरे कुठंही नाही. गाय व्याली, कालवड झाली. ज्वारी हुरड्यात आली, पाखरं फार. धाकट्याच्या पोराला गोवर होता, उतरला. तुझ्या मायनं दोन वेळा तुझं नाव घेतलं. खाली सही, आणि सहीच्या शेजारी त्या दिवशी घरात जेवायला कितीजण होते तो आकडा. आत्या म्हणते, तो आकडा आधी वाचायचे, मग पत्र.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत सुमारे दहा हजार माणसं गेली. आमच्या गावात भिंतींना भेगा पडल्या, दोन-तीन घरं बसली, जीव मात्र वाचले. आबांची बहीण सास्तूरच्या बाजूला दिलेली होती. ती, तिचा मुलगा, सून, सगळे गेले. एक नातू राहिला, माझ्याएवढाच, दहा वर्षांचा. आबा त्याला खांद्यावर घेऊन आले. तो चालू शकत होता, तरी खांद्यावर घेऊन आले. तो आमच्याच घरी वाढला. आम्ही त्याला भाऊ म्हणतो.

त्यानंतरचा महिना आम्ही अंगणात झोपलो. आमचं घर माळवदाचं. हात-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर सागवानी तुळया, त्यावर आडवी लाकडं आणि त्यावर मातीचा थर. पावसाळ्याआधी दरवर्षी माळवदावर पांढरी माती टाकून चोपायची रीत, म्हणजे घर गळत नाही. जुना थर कुणी काढत नाही, त्यावरच नवा पडतो. पिढ्यान्‌पिढ्यांची माती डोक्यावर साठत जाते. भूकंपात भिंती फुटल्या आणि ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. आबांनी सास्तूरला तेच पाहिलं होतं. आल्यावर ते शिडी लावून माळवदावर चढले, एका कोपऱ्यात पहारीनं खड्डा घेतला आणि थर उलगडत गेले. गुडघ्याइतकी माती निघाली. वेगवेगळ्या रंगाचे थर स्पष्ट दिसत होते. आबा खाली बसले आणि म्हणाले, "ह्यातला अर्धा तर म्याच टाकलाय."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माती उतरवायला सुरुवात केली. मदतीला जायचं म्हणून गावातून भाकरींची गाठोडी घेऊन ट्रॅक्टर निघत होते. आबांनी दोन्ही मुलांना त्यावर बसवलं आणि स्वतः माळवदावर राहिले. टोपली भरायची, कडेला न्यायची, खाली ओतायची. आजी, आई, आम्ही लेकरं खालून ती माती परसात वाहून न्यायचो. वर पत्रे आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली अंगाची लाही व्हायची, पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. माळवदाखालचा गारवा कायमचा गेला. पण त्या पत्र्याखाली भाऊ पहिल्यांदा घरात झोपायला तयार झाला.

आता जे सांगायचं ते सगळ्यात अवघड.

आजीला सत्तरी उलटल्यावर लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण मन लख्ख होतं. घरात आई होती, काकू होती, नातसुना होत्या. आबांनी आजीचं काम कुणालाही करू दिलं नाही. पहाटे पाणी तापवायचे, तिला दाराआड पाटावर बसवून अंघोळ घालायचे, तिचे विरळ केस खोबरेल तेल लावून विंचरायचे. पहिल्यांदा अंबाडा जमेना तेव्हा त्यांनी मला बोलावलं आणि माझ्या केसांवर तीनदा बांधून बघितला. चौथ्यांदा आजीला बांधला. ऐंशी वर्षांचे ते हात, नखांत जन्माची काळी माती मुरलेली, आणि पिनेचं टोक तिला टोचू नये म्हणून पुढं धरलेलं बोट.

आमच्याकडं जुन्या बायका नवऱ्याचं जेवण झाल्यावर त्याच्याच ताटात जेवायच्या. आजीनं जन्मभर तेच केलं. आता आबा आधी तिला भरवायचे. भाकरी दुधात कुस्करून, घास अगदी बारीक करून. ती जेवली की त्याच ताटात स्वतःसाठी वाढून घ्यायचे. पहिल्या दिवशी हे बघून आजी रडायला लागली. जड जिभेनं कसंबसं म्हणाली, "पाप लागंल मला." आबा भाकरी मोडत होते. मान वर न करता म्हणाले, "तू साठ वर्सं माझ्या ताटात जेवलीस, तवा मला लागलं का?"

मी दारात उभी होते. नवरा-बायकोच्या नात्यावर मी पुष्कळ वाचलं आहे, कॉलेजात ते शिकवतेही. त्या एका वाक्याच्या जवळपास जाणारं काही माझ्या वाचनात आलेलं नाही. पाच वर्षं हे चाललं. आजी गेली त्या दिवशी पारावरचे जुने लोक, जे उरले होते ते, घरी आले होते. त्यातला एक मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरी, आमच्यातल्या कुणाला हे जमलं नसतं." आबांना तो हे बोलला नाही. बोलायला हवं होतं.

आजी गेल्यानंतरही आबा बारा-तेरा वर्षं जगले. त्यातलं फार काही सांगण्यासारखं नाही, म्हणजे सगळं ठीक होतं. पतवंडांना मांडीवर घेतलं, मोबाईलवर लांबच्या नातवंडांचे चेहरे बघितले, ऐकू कमी झालं. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्यांच्या शेवटच्या येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आम्ही सगळे रानात जमलो होतो. कडब्याची कोप, आत मांडलेले पांडव, आंबिलीचं बिंदगं, भज्जी, उंडे. जेवणं झाल्यावर आबांनी दोन्ही मुलं आणि दोन्ही मुली समोर बसवल्या. म्हणाले, "माझ्यामागं पोरींकडून कागद लिहून घ्यायचा न्हाई." बस, एवढंच. मग आंबील मागितली.

कोणता कागद हे सगळ्यांना कळलं. बाप गेला की बहिणींना तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायच्या, बदल्यात साडीचोळी, वर जेवण, ही आमच्याकडची रीत. २००५ पासून कायद्यानं मुलींचा वाटा मुलाइतकाच आहे, पण कायदा कागदावर आणि माहेर टिकावं म्हणून सही दुसऱ्या कागदावर. काका त्या दिवशी काही बोलले नाहीत. रान थोडं, त्यात चार वाटे, आणि त्यांच्या दोन्ही मुलांना नोकरी नाही. त्यांची अडचण खोटी नव्हती.

तेरावा झाल्यावर वारस नोंदीचा अर्ज द्यायला दादा आणि काका गेले, मी सोबत होते. तिथं बसलेल्या एका ओळखीच्या माणसानं सहज विचारलं, "बहिणींचं हक्कसोड लगेच करताय का पाडव्याला?" दादांनी काकांकडं पाहिलं. काका जरा वेळ अर्जाकडं बघत राहिले आणि म्हणाले, "करायचं न्हाई. चार नावं लावा." येताना वाटेत त्यांनी चहा पाजला, आणि एवढंच म्हणाले की आबा असते तर तीन दिवस जेवले नसते.

फेरफार मंजूर झाला. सातबारावर आता चार नावं आहेत. थोरल्या आत्यानं तिचा वाटा काकांनाच कसायला दिला आहे, निम्म्या बटईनं. धाकटी निवृत्त होऊन गावी येऊन-जाऊन असते आणि तिचं नि दादांचं सध्या रोज फोनवर भांडण चालू आहे. दादांना चारही वाट्यांत सोयाबीन हवंय, पैसा लगेच हातात येतो म्हणून. आत्या म्हणते, माझ्या तुकड्यात यंदा रब्बीची ज्वारी पडेल, मालदांडीच, आणि बियाणं मी स्वतः आणेन.